लाल ठिपक्याची कांडी

आमची ताई म्हणजे थंड गोळा. घरात कुणी कितीही आदळआपट करो, ही आपली कपड्यांच्या घड्या घालत बसणार. मला त्याची चीड येते. पण त्या सकाळी कॉलेजच्या प्रयोगशाळेत ती एकच गाठ तीनदा सोडून बांधताना दिसली आणि माझी चीड पार पळाली.

इतकी वर्षं ती हंगामी शिक्षिका होती. आज निवड समितीपुढे पाठ घ्यायचा होता. जमला तर कायमची नोकरी, नाहीतर घरी. मी सामान उचलायला म्हणून आले होते आणि मागच्या बाकावर जीव मुठीत धरून बसले होते.

टेबलावर धातूच्या दोन पट्ट्या समोरासमोर उभ्या, एक धन, एक ऋण. मध्ये रेशमी दोऱ्याने आडवी टांगलेली कांडी. तिच्या एका टोकाला धन विद्युत भार, दुसऱ्याला ऋण. धन टोकावर लाल ठिपका.

"हे विद्युत द्विध्रुव," ताई म्हणाली. "पट्ट्यांमधलं विद्युत क्षेत्र सगळीकडे एकसमान आहे. दोन्ही टोकांना ओढ सारखीच, पण उलट दिशांना. म्हणून कांडी कुठल्याच पट्टीकडे जाणार नाही, जागेवरच झुलेल."

तिने बटण दाबलं. कांडी ढिम्म.

अध्यक्षांनी घड्याळ पाहिलं. पंखे बंद, खिडक्या बंद, कुणी खोकतसुद्धा नव्हतं. घरी जेवणाच्या टेबलावर हा प्रयोग इतक्यांदा झाला होता की चूक मलाही दिसली. लाल ठिपका ऋण पट्टीकडे, जरा तिरका हवा; तो नेमका धन पट्टीसमोर होता! पट्ट्या तिने बाकांच्या बाजूने उभं राहून लावल्या होत्या आणि कांडी फळ्याच्या बाजूने. डाव्याचं उजवं झालं होतं.

"सर, जरा फुंकर घालता?" ताईने विचारलं.

त्यांनी घातली. कांडी गर्रकन वळली, पुढे गेली, मागे आली, झुलत राहिली.

"बरोबर उलटी असली की तिला वळवणारं काहीच नसतं," ताई म्हणाली. "जरा ढळली, की मग थांबत नाही."

"वा! मुद्दाम उलटी लावलीत?" अध्यक्ष खूश झाले.

हो म्हण बये, हो म्हण.

"नाही सर. घाबरले होते. चुकून लागली."

मी कपाळावर हात मारला. अध्यक्षांनी चष्मा पुसून पुन्हा कांडीकडे पाहिलं. घरी येईपर्यंत मी फणफणत तिच्या चार पावलं पुढे चालत होते.

ती आता तिथेच कायम आहे. दरवर्षी हा पाठ ती लाल ठिपका उलटा लावूनच सुरू करते आणि फुंकर घालायला वर्गातल्या सगळ्यात घाबरट मुलीला पुढे बोलावते.