हाल्वरची वायर

हाल्वर बोलायचा कमी. वाल्द्रेसच्या डोंगरात त्याने चाळीस वर्षं दुधाचा टँकर चालवला. गाय आणि इंजिन, दोघांना थंडीत वाऱ्यावर सोडू नये, एवढंच त्याचं तत्त्वज्ञान. हिवाळ्यात चार वाजता काळोख पडला की तो अंगणात जायचा आणि आपल्या लाल पेट्रोल गाडीच्या नाकाखाली लोंबणारी वायर भिंतीवरच्या सॉकेटमध्ये खोचायचा. रात्रभर इंजिन उबेत राहायचं आणि सकाळी कुरकुर न करता सुरू व्हायचं. त्याची बायको ओसलाउग खिडकीतून ते पाहायची आणि कॉफीचं आधण ठेवायची.

आता ओसलाउग फागरनेसच्या वृद्धाश्रमात होती. एकेक नाव, एकेक चेहरा तिच्या हातून निसटत चालला होता. पण लाल गाडीची घरघर ऐकली की ती खुर्चीतून उठायची. "आला माझा माणूस," म्हणायची. त्या तीन शब्दांसाठी हाल्वर रोज पस्तीस किलोमीटर जायचा.

जानेवारीत लाल गाडी सरकारी तपासणीत नापास झाली. तळ गंजून त्याची चाळण झाली होती. मुलगी सिग्रिड विजेची गाडी घेऊन दारात उभी राहिली.

"बाबा, सगळं गाव विजेवर गेलं. पाद्रीणबाईसुद्धा."

"तिची वर ओळख आहे. घाटात वीज संपली तर तिला कोणीही उचलून नेईल."

"संपत नाही रे. आणि आवाज म्हणून नाही हिला."

"तेच तर," हाल्वर म्हणाला. "ओसलाउगला कळणार कसं?"

सिग्रिडने किल्ली त्याच्या हातात ठेवली.

पहिल्या दिवशी उणे अठरा होतं. वीज पुरावी म्हणून त्याने गाडीतला हीटर लावलाच नाही. अंगात दोन लोकरी स्वेटर, मांडीवर मेंढीचं कातडं. पोचला तेव्हा बॅटरी निम्म्याहून जास्त शिल्लक होती आणि हाल्वरचे ओठ निळे पडले होते.

"बॅटरी छान वाचवलीत, हाल्वर," दारात तुने नावाची नर्स म्हणाली. "आता तुम्हाला कुठे लावू चार्जिंगला?"

तो हसला नाही. ओसलाउग खिडकीपाशी बसली होती. वळली नाही. त्याने तिचा हात धरला, तो तिने अदबीने सोडवून घेतला.

"माफ करा, मी माझ्या माणसाची वाट बघतेय."

तो थोडा वेळ शेजारी बसला, मग उठला. परतीचा घाट चढणीचा, त्याचा भरवसा नव्हता. हातमोजे खुर्चीवरच विसरून तो आवारात गेला. दिव्याखाली त्याने चार्जिंगची वायर ओढली, टोकावरचा बर्फ झटकला, टोपी मागे सारली आणि एक गुडघा वाकवून ती गाडीला लावली. अंगणात लावायचा तशीच.

हातमोज्यांसाठी तो परत आला, तर ओसलाउग उभी होती. काचेवर तिच्या श्वासाचा गोल उमटला होता.

"लावलीस वायर?" तिने विचारलं. मग तुनेकडे वळून म्हणाली, "अगं, कॉफी टाक. आला माझा माणूस."

दुसऱ्या दिवसापासून हाल्वर आधी वायर लावू लागला आणि मग आत येऊ लागला, बॅटरी भरलेली असो वा नसो. गाडीतला हीटर मात्र त्याने मार्चपर्यंत लावला नाही.