कस्तुरीचा दुपारचा पहारा

मुलांनो, थोडा वेळ तुम्ही कस्तुरी व्हा. वय वर्षे दहा. बार्शीतलं दोन खोल्यांचं घर, भर दुपार, दाराला आतून कडी. तुम्ही दाराला पाठ लावून बसला आहात आणि मांडीवर लाकडी गज आहे, शिंपी कापड मोजतात तो. आतल्या खोलीत आई दोन उशांवर डोकं उंच ठेवून पडली आहे. तिच्याकडे तुम्ही तीन दिवस धड पाहिलेलं नाही. तिचे डोळे सुजून फटीएवढे उरले आहेत, पापण्यांवर काळे टाके आहेत आणि काळानिळा रंग गालांपर्यंत उतरला आहे. तुमचे स्वतःचे डोळे जड झालेत, पण झोपायचं नाही. तुम्ही पहाऱ्यावर आहात.

हा पहारा कशासाठी, ते सांगतो. आईने, म्हणजे जयश्रीने, लेकीला सगळं आधीच समजावलं होतं. तिच्या पापण्या सैल होऊन डोळ्यांवर लोंबायला लागल्या होत्या. ती औषधांच्या दुकानात काम करते. तिथे येणारी माणसं विचारायची, ताई, रडून आलात का? रोज कोणी ना कोणी विचारायचंच. म्हणून सोलापूरला जाऊन तिने पापण्यांचं ऑपरेशन करून घेतलं. डॉक्टर म्हणाले होते, आधी सूज वाढेल, मग काळंनिळं हिरवट होईल, हिरवट पिवळं होईल आणि पंधरा दिवसांत निघून जाईल.

कस्तुरीने सगळं ऐकून घेतलं आणि त्यातलं एक अक्षरही खरं मानलं नाही. असे डोळे तिने पूर्वी पाहिले होते. एकदा आई बाथरूममध्ये पडली होती. एकदा तिला कपाटाचं दार लागलं होतं. एकदा हापशाचा दांडा उसळला होता. कारण दर वेळी नवं असायचं. आवाज मात्र तेच असायचे, आणि ते कस्तुरीने शिलाई मशीनखाली बसून, कानांत बोटं घालून ऐकले होते. पप्पांना जाऊन आता सव्वा वर्ष झालं. आख्खी पेठ त्यांना टेलर मास्तर म्हणायची, देवमाणूस म्हणायची. गेलेलं माणूस परत येत नाही हे तिला ठाऊक होतं. पण मग हे केलं कोणी? तिने आपल्यापुरतं ठरवून टाकलं की आपण शाळेत असतो तेव्हा पप्पा अजून येतात. म्हणून पोटात दुखतंय असं सांगून ती घरी राहिली आणि त्यांचाच गज घेऊन दाराशी बसली.

तीनच्या सुमारास तिची मान पुढे झुकते.

कडी वाजत नाही, तरी पप्पा आत आहेत. गळ्यात टेप, कानामागे खडू. दाराच्या जागी त्यांचं दुकान आहे. मशीन आपलं आपण चाललंय आणि सुईखाली कापड नाही, पप्पांचं बोट आहे. सुई आरपार जाते, वर येते, पुन्हा जाते. ते तिकडे बघतही नाहीत.

"शाळा बुडवलीस होय गं?"

"आईला तुम्ही मारलंत?"

"मला जाऊन किती दिवस झाले? एवढं मोजता येईना, आणि म्हणे पाचवीत."

"मग तेव्हा? तुम्ही होतात तेव्हा?"

"तेव्हा ती बाथरूममध्ये पडली. तिलाच विचार की."

दोघं बाथरूममध्ये आहेत. नळ धो धो वाहतोय, पण फरशी ठणठणीत कोरडी आहे. कस्तुरी तळवा घासून बघते, पाय घसरत नाही. ती पप्पांना दाखवते. ते म्हणतात, मग कपाट असेल. भिंतीभर कपाटं उभी राहतात. सगळी दारं उघडतात आणि धाडधाड आपटतात. प्रत्येक दाराआड आई आहे आणि प्रत्येक आईचा एक डोळा बंद आहे. दार तिला लागत नाही, वीतभर अलीकडेच थांबतं. तिला लागतो तो हात. मनगटापर्यंत खडूची पांढरी भुकटी असलेला हात, पुन्हा आणि पुन्हा.

"थांबा," कस्तुरी म्हणते.

"तू आत जा. मोठ्यांच्यात पडू नको." आवाज शांत आहे, गिऱ्हाइकाला बाही किती ठेवू असं विचारल्यासारखा.

आत म्हणजे मशीनखाली. ती सवयीने वाकते, पण मावत नाही. खांदे अडकतात. सव्वा वर्षात ती वाढली आहे.

हात वर जातो. ती गज हाणते. गज चिंधीसारखा लुळा पडतो. मग ती दोन्ही हातांनी ते मनगट धरते आणि सगळ्या दातांनी चावते. कातडी फुटते, तोंडात मशीनच्या तेलाची चव येते. पप्पा तिला झटकतात, भिंतीवर आपटतात, कपाटांची दारं बिजागऱ्यांतून निखळून अंगावर कोसळतात. ती सोडत नाही. दातांना हाड लागतं.

"सोड. दुखतंय."

"तिलाही दुखायचं," ती दात न काढताच म्हणते. स्वप्नात तसं बोलता येतं.

पप्पा आणखी एक कारण सांगायला तोंड उघडतात. तोंडातून नुसता खडूचा चुरा पडतो.

कळ मस्तकात गेली आणि कस्तुरी जागी झाली. तिचं स्वतःचंच मनगट तिच्या दातांत होतं. तिने ते बाहेर काढलं. दातांच्या दोन कमानी उमटल्या होत्या, एका जागी रक्त आलं होतं आणि भोवताली निळसर व्हायला लागलं होतं.

तिचा आवाज ऐकून जयश्री भिंत चाचपत बाहेर आली. फटीतून तिला ते मनगट दिसलं. हे कशानं झालं, तिने विचारलं. काहीतरी लागलं असं सांगायला कस्तुरीची जीभ वळलीसुद्धा होती.

"पप्पांना चावले मी," ती म्हणाली. "ते आले होते. पुन्हा तुला मारायला."

जयश्री तिथेच फरशीवर बसली.

"बाथरूम?" कस्तुरीने विचारलं.

"त्यांनी."

"कपाट?"

"त्यांनी."

"हापसा?"

जयश्रीने होकारार्थी मान हलवली. टाक्यांना पाणी लागू नये म्हणून ती रडायचं आवरत होती आणि ते तिला जमत नव्हतं.

"आणि हे?"

"हे डॉक्टरांनी," जयश्री म्हणाली. "मी सांगितलं म्हणून. मला हवं होतं म्हणून."

कस्तुरीने आईचा चेहरा दोन्ही हातांत धरून खिडकीकडे वळवला आणि तीन दिवसांत पहिल्यांदा नीट पाहिला. डाव्या गालावर, निळ्याच्या अगदी कडेला, एक हिरवट रेघ उमटली होती. मग ती गुडघ्यांवर उभी राहिली आणि तिने आईच्या पापण्यांवर फुंकर घातली, टाक्यांना कळणार नाही इतकी हळू, आधी एका डोळ्यावर, मग दुसऱ्यावर.