एका ‘ऑन’वर उभं गोदाम

आमचे दाजी, म्हणजे अक्काचे यजमान, कारखान्याच्या गोदामात अठरा वर्षं मदतनीस. मी तिथेच फिटर. दाजी म्हणजे डोळे मिटून हवा तो नट हातावर ठेवणारा माणूस! पण शाळा आमच्या दोघांचीही गावातली. इंग्रजीशी नुसती तोंडओळख.

मोठे स्टोअरकीपर निवृत्त व्हायला आले, तेव्हा मॅनेजरसाहेब दाजींना म्हणाले, “कोणती वस्तू कुठे आहे, त्याच्या चिठ्ठ्या आठ दिवसांत इंग्रजीत लावा. जमलं तर जागा तुमची, नाहीतर बाहेरचा माणूस आणतो.”

अक्कानं तर ‘हे स्टोअरकीपर झाले’ म्हणून शेजारीपाजारी आधीच सांगून टाकलेलं!

आपल्याकडे ‘डब्यात’, ‘फळीवर’ म्हणताना शेपूट मागून येतं. इंग्रजीत तेच ‘इन’, ‘ऑन’ म्हणून शब्दाच्या आधी, डोक्यावर घेऊन चालायचं. मी रोज जेवणाच्या सुट्टीत त्यांच्याकडून घोकून घ्यायचो, तरी दाजींच्या इंग्रजीत खुर्ची कारखान्यात राहण्याऐवजी कारखानाच खुर्चीखाली जायचा.

“मेव्हणे, मला एक ‘ऑन’ तेवढा पक्का येतो.”

“एकावर भागेल का, दाजी?”

“भागवू.”

आणि भागवलं की हो! डब्यातले बोल्ट डब्यावर, पेटीतली बेअरिंगं पेटीवर, टेबलाखालचे दोर टेबलावर. चिठ्ठी चुकू नये म्हणून या गृहस्थानं मालच हलवला!

“दाजी, हा काय बाजार मांडलाय?”

“चूक काढून दाखवा, मग बोला.”

साहेब आले. चिठ्ठी वाचायचे, वस्तू बघायचे. एक चुकेल तर शपथ! दोन वर्षं हरवलेला पंपाचा व्हॉल्व्हसुद्धा समोर दिसला. मग त्यांनी एका बेअरिंगवरून बोट फिरवलं. बोट काळं. दाजींचा चेहरा उतरला.

“हे उघड्यावर का? धुळीनं खराब होईल ना!”

“साहेब, आत ठेवलं असतं तर लिहिता आलं नसतं.”

साहेब असे हसले, की टेबलाचा आधार घ्यावा लागला. “जागा तुमची. पण उद्या सगळं पेट्यांत पाहिजे, आणि चिठ्ठ्याही तशाच बदला.”

त्या संध्याकाळी आम्ही दोघं गोदामात फरशीवर बसलो. काय दिवस होते ते! मी बेअरिंग पेटीत ठेवायचं, दाजींनी “इन!” म्हणून गर्जायचं आणि चिठ्ठी लिहायची. शंभरेक चिठ्ठ्या झाल्या. बोटं शाईनं निळी, अंगाला ग्रीसचा वास.

मी म्हटलं, “आता ‘अंडर’ घेऊ या का?”

दाजी पाठ ताठ करत म्हणाले, “सबुरीनं घ्या, मेव्हणे. निवृत्तीला अजून बारा वर्षं आहेत.”