दाजींचं झाळकाम

दाजींना मी पहिल्यांदा पाहिलं, तेव्हा ते आमच्या गाडीमागे रस्त्यावर पालथे पडून वास घेत होते. मारुती मंदिरापाशी गाडी लावून मी भाजी घ्यायला गेले होते. परत येते तर हा प्रकार. पन्नाशी उलटलेला, काटक, खाकी पँटचा माणूस. सायकल बाजूला आडवी टाकलेली.

"बाई, गाडी तुमची? किल्ली फिरवू नका. टाकी गळतेय."

"तुम्हाला कसं कळलं?"

"सायकलवरनं चाललो होतो. वास आला."

भर रहदारीत, सायकलवरून. मला खरं वाटेना. पण वाकून पाहिलं तर टाकीच्या सांध्यापाशी थेंब धरला होता.

"पिशवीत साबण हाय काय? अंगाचा नको. कपड्याचा."

योगायोगाने वडी होती. त्यांनी सांधा फडक्याने पुसला, साबण बोटांनी मळून त्यात दाबून भरला, आणि थेंब थांबला. "पेट्रोलात साबण विरघळत नाय. पण हे आपलं घर गाठण्यापुरतं. उद्या मिरकरवाड्याला, बंदरावर माझ्या शेडीत या." उरलेली वडी त्यांनी परत माझ्या हातात दिली. "घ्या, धुण्याला चालेल."

आमची फियाट अठ्ठ्याऐंशी सालची. खाऱ्या हवेत पत्र्याचं जे व्हायचं ते तिचंही झालेलं. नवी टाकी मिळत नाही, आणि इतर गॅरेजवाले एकच उपाय सांगत: वरून लांबीचा लेप फासा. दाजींना त्या लांबीचा भारी राग. "दात किडला की वरनं मेण लावतात काय? आतली कीड राहतेच ना!"

ते मूळचे दाभोळचे. घरात सगळे होडीवर जाणारे आणि या एकट्याला लाट लागायची. होडी खाडीच्या तोंडाशी पोचायच्या आत पोटातलं सगळं बाहेर. शेवटी वडिलांनीच त्यांना रत्नागिरीत एका पत्रेवाल्याकडे ठेवलं. तिथे ते कथलाने झाळायला, म्हणजे कथील वितळवून भोकं बुजवायला शिकले, आणि पुढे बंदराजवळ स्वतःची शेड टाकून मच्छीमार बोटींच्या डिझेलच्या टाक्या दुरुस्त करू लागले. "दर्यावर गेलो नाय, पण दर्यावर जाणारी प्रत्येक टाकी माझ्या हातनं गेलीय," असं ते सांगत. यात थोडी अतिशयोक्ती असावी, पण फार नाही.

त्यांचं काम बघत बसायला मला आवडायचं. टाकी उतरवायची, रिकामी करायची, सोड्याच्या गरम पाण्याने खळबळून धुवायची. मग कोरडी टाकी बाहेरून खडूने पांढरी करून आत थोडं तेल ओतायचं. जिथे खडू ओला होईल तिथे भोक. ही युक्ती पाहून मी शाळेतले उरलेले खडू त्यांना नेऊन दिले होते. पुन्हा धुणं. आणि विस्तव जवळ आणण्याआधी शेवटचं काम ठरलेलं: टाकीच्या तोंडाशी नाक नेऊन, डोळे मिटून वास घ्यायचा. "नाक हो म्हणालं तरच विस्तव. रिकाम्या टाकीतली वाफ भरल्या टाकीहून वाईट, बाई." मग भोकाच्या खालपर्यंत पाणी भरून, निखाऱ्यात तापवलेल्या तांब्याच्या ठोकळ्याने ते कथील ओढत. चकचकीत, सरळ रेघ. सुवाच्य अक्षरासारखी.

गेल्या पावसाळ्यानंतर गाडी पुन्हा गळू लागली. मी गेले तेव्हा दाजी जरा उतरलेले दिसले. मधे तापाने पडलो होतो म्हणाले. टाकी उतरवली, धुतली. मी पाहत होते. त्यांनी पाच पाणी काढली आणि ती मोठ्याने मोजली. पूर्वी ते कधी मोजत नसत. मग टाकीच्या तोंडाशी नाक नेलं न नेलं आणि म्हणाले, "साफ."

पस्तीस वर्षं शिकवल्यावर एक गोष्ट कळते. ज्याला समजलेलं नसतं, तो "समजलं" फार पटकन म्हणतो.

"दाजी, मला इथवर वास येतोय."

"तुमच्या हाताला लागलं असेल पेट्रोल."

मी हात हुंगले. नुसता अंगाच्या पावडरचा वास. ते शेगडी जवळ ओढू लागले. मी त्यांना अडवायला उठले. एवढ्यात त्यांची बायको चिमा बाजारातली मासळी संपवून रिकामी टोपली घेऊन दारात आली. ती एक पाऊल आत आली मात्र, टोपली टाकून तिने स्वच्छ पाण्याची भरलेली बादली उचलली आणि सगळी शेगडीवर उपडी केली. वाफेने शेड भरून गेली.

"जीव द्यायचाय काय? आणि बाईंना पण घेऊन चाललाव?"

"पाच पाणी काढलीत मी!"

"पाच नाय, पन्नास काढा! वास मारतोय नुसता! तुमाला येत नाय काय?"

दाजी विझलेल्या शेगडीकडे बघत राहिले. चिमाने एकदा टाकीकडे पाहिलं, एकदा त्यांच्याकडे, आणि ती खाली बसलीच.

"कधीपासून?"

"तापापासून."

सात महिने झाले होते. तेवढ्या काळात फक्त बोटींच्याच टाक्या आल्या होत्या. डिझेलची वाफ पेट्रोलसारखी भडकत नाही. पाच पाण्यांचा नेम तिथे निभावला. आमच्या टाकीत मात्र पत्र्याचे आडवे पडदे, त्यांच्या मागे गाळ, आणि गाळात पेट्रोल. कोणाला सांगितलं तर काम सुटेल, हीच दाजींना धास्ती. "नाक गेलेल्या माणसाकडे टाकी कोण आणेल?" ते मला म्हणाले. बायकोकडे त्यांनी पाहिलं नाही.

चिमा मात्र निराळाच हिशोब लावत होती. "म्हणजे त्या दिवशी तव्यावरचा सुका कोलीम करपला, शेजारीण धावत आली विचारायला, आणि हे म्हणाले झकास झालंय! बाई, मला वाटलं, म्हातारपणी माणूस सुधारला."

मला हसू आवरलं नाही. दाजीही हसले असावेत. तोंड फिरवलेलं होतं.

"बंद करतो शेड," ते म्हणाले.

"करा की. आणि दिवसभर घरात बसून माझं डोकं खा."

मग दाजींनी टाकी दोन्ही हातांनी उचलली आणि चिमाच्या पुढ्यात ठेवली. तीस वर्षांत टाकीबद्दल त्यांनी तिला एक शब्द विचारला नव्हता, हे तिनेच मला नंतर सांगितलं.

"बघ जरा," ते म्हणाले.

तिने तोंडाशी नाक नेलं. "हाय अजून."

त्यांनी टाकीत मूठभर खडी घालून ती हलवली, गाळ सोडवला, धुतली. "हाय." पुन्हा. "थोडा हाय, त्या कोपऱ्यात." पुन्हा. आठव्या पाण्याला ती म्हणाली, "आता काय नाय."

"नक्की?"

"सुरमई आजची की बर्फातली, ते हुंगून सांगतंय पंचवीस वर्षं. गिऱ्हाईक ऐकतं माझं. तुमी ऐका."

शेगडी पुन्हा पेटवली. दाजींनी कथील ओढलं, आणि रेघ सरळ गेली. ती टाकी अजून गळलेली नाही.

मी त्यांना नाकाच्या डॉक्टरांकडे घेऊन गेले. वास परत येईल तर येईल, असं डॉक्टर म्हणाले. अजून आलेला नाही.

चिमा एरवी दिवसभर बाजारात असते. सोमवारी आमच्याकडे बरेच लोक मासळी खात नाहीत, तेव्हा ती टोपली घेऊन निघतच नाही, शेडवर येऊन टाक्या हुंगते. त्यामुळे दाजी आता टाक्या फक्त सोमवारी झाळतात. घाई असलेले बोटवाले कुरकुरतात, एकदोघे दुसरीकडे गेलेही. बाकीच्यांच्या टाक्या आठवडाभर धुऊन, झाकण उघडं ठेवून शेडबाहेर उन्हात मांडलेल्या असतात.