ठकूचं नाव बदललं तेव्हा

मास्तरांनी शाळेत कधीच शिकवलं नव्हतं. औषधांच्या एका मोठ्या गोदामाच्या ऑफिसात ते संगणकाचे प्रोग्राम लिहायचे. पण नव्या माणसाची चूक इतक्या शांतपणे दाखवायचे, की सगळे त्यांना मास्तरच म्हणत. मी त्यांच्या हाताखाली शिकले आणि पुढे त्यांचीच वरिष्ठ होऊन बसले. त्याचंही त्यांना कधी वाईट वाटल्याचं दिसलं नाही.

गोदामात येणाऱ्या प्रत्येक खोक्याची तारीख तपासणारा एक छोटा प्रोग्राम मास्तरांनी तरुणपणी लिहिला होता. बाकीच्या प्रोग्रामना तारीख तपासायची असली, की ते त्यालाच हाक मारत. त्याचं नाव ठकू. का, ते कुणी विचारलं नव्हतं. मुदत संपलेलं औषध सापडलं, की यादीवर छापून यायचं, 'ठकू: तारीख चुकीची.' मग हमालसुद्धा ओरडायचे, "आज ठकूनं गाडी अडवली रे!" प्रिंटरमधून ती यादी मास्तर रोज सकाळी स्वतः फाडून घेत.

मग आमच्यात दुसरं एक गोदाम विलीन झालं. त्यांचेही प्रोग्राम आले आणि नावांचा पार बट्ट्याबोळ झाला. दोन वेगळ्या प्रोग्रामांना एकच नाव! एकदा भलत्यालाच हाक गेली आणि मुदत संपलेल्या गोळ्यांची पंचवीस खोकी एका दवाखान्यापर्यंत पोचली. तिथल्या नर्सनं तारीख वाचली म्हणून निभावलं.

साहेबांनी मला बोलावून घेतलं. "सगळ्यांना नियमानं नावं द्या. सामाईक प्रोग्राम एका जागी आणा. लाड बंद."

मी नियम केला. अक्षरं-आकडे मिळून पाच. आधी विभाग, मग सामाईक की स्वतःचा, मग काम, शेवटी क्रमांक. ज्याला अनेक जण हाक मारतात ते सामाईक कप्प्यात, बाकीचं ज्याचं त्याच्याकडे. ऑफिसात थट्टा सुरू झाली, "बाई दिवसभर नावं ठेवतात!" मीही हसायचे.

ठकूची पाळी आली त्या दिवशी मास्तर माझ्या टेबलाशी येऊन चष्मा पुसत उभे राहिले.

"ताई, एक नाव तसंच राहिलं तर नाही का चालणार?"

"कुठलं?"

"ठकू. इतक्या वर्षांत तिच्यामुळे कधी घोळ झाला नाही."

"मास्तर, एकाला सूट दिली की उद्या सगळे रांग लावतील."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. "बरोबर आहे. मग तेवढं काम मी करतो."

एकशे त्रेचाळीस प्रोग्रामांत ते नाव होतं. मास्तरांनी तीन आठवडे बसून ते एकेक ठिकाणी खोडलं आणि त्या जागी 'औसाता०१' लिहिलं. औषध, सामाईक, तारीख, एक. एकही जागा सुटली नाही. त्यानंतर सकाळची यादी शिपाई आणू लागला.

काही महिन्यांत ते निवृत्त झाले. पुढे वर्षभरानं एका जुन्या प्रोग्रामाचं कोडं सुटेना, म्हणून दुपारची मी त्यांच्या घरी गेले. दार त्यांच्या बायकोनं उघडलं. वहिनींनी मला बसवलं, पाणी दिलं आणि सहज विचारलं, "आमची ठकू काय म्हणते? निवृत्त होईपर्यंत हे रोज जेवताना सांगायचे, आज पोरीनं इतक्यांना पकडलं. आता विचारलं की नुसतं 'चाललीय' म्हणतात."

"पोरीनं?"

"तुम्हाला ठाऊक नाही? आमची मुलगी हो. चौथं वर्ष लागलं होतं. तीन दिवसांच्या तापात गेली. त्याच महिन्यात ह्यांनी तो प्रोग्राम लिहिला. म्हणाले, घरात नाही तर नाही, कुठेतरी तिला रोज कुणी हाक मारील."

मास्तर आतल्या दारात येऊन उभे होते. माझ्याकडे बघून त्यांनी हळूच मान हलवली, सांगू नका म्हणून.

"चाललीय, वहिनी," मी म्हटलं. "फार कडक आहे."

मास्तर जिन्यापर्यंत सोडायला आले. मी विचारलं, "तेव्हा का नाही सांगितलंत? मी परत बदलते."

"सांगितलं असतं तर तुम्ही नियम मोडला असता. आता हात लावू नका. एक जागा जरी चुकली तर कुणाच्या तरी घरी वाईट गोळी जाईल." मग कठड्यावरून हात फिरवत म्हणाले, "खोडताना जरा जड गेलं, ताई. पण नियम बरोबरच होता."

दोन वर्षांनी मास्तर गेले. वहिनी अधूनमधून फोन करत आणि मी दर वेळी खोटं बोलत असे. मग ऑफिसनं बाहेरून नवे प्रोग्राम घेतले आणि आमचे सगळे बंद केले. तेव्हा मात्र राहवेना. मी वहिनींकडे गेले आणि पहिल्यापासून सगळं सांगितलं.

त्या वाळलेल्या कपड्यांच्या घड्या करत होत्या. 

"म्हणजे नाव खोडल्यावरही हे रोज जेवताना मला..."

"हो."

"माझ्यासाठी." हातातला टॉवेल त्यांनी उलगडला, पुन्हा त्याची घडी केली, पुन्हा उलगडला. "आणि स्वतः कुणापाशी बोलले हो? कुणापाशीच नाही."

मी माफी मागायला तोंड उघडलं. त्यांनी हातानंच थांबवलं.

"तुमच्यावर राग नाही. पण आता या तुम्ही. मला जरा पडायचंय."

मी उठले आणि दार आपल्या मागे ओढून घेतलं.