शालिनीताईंची आयरिश

रेजिना शहरातल्या माझ्या ऑफिसच्या पार्किंगमधून संध्याकाळी गाडी काढत होते, तेव्हा शालिनीताईंच्या केतकीचा फोन आला. "मावशी, आई इज गॉन..." सस्काटूनला त्यांच्या घरापर्यंतचा सरळसोट रस्ता त्या दिवशी मी कसा कापला, आठवत नाही. कानात सारखा शालिनीताईंचा आवाज होता. आणि तो ना मराठीत होता, ना इंग्रजीत. त्या आयरिश बोलत होत्या.

कॅनडात नवी आले तेव्हा, साधारण दोन हजार पाचच्या सुमाराला, मी त्यांच्या बेसमेंटमध्ये भाड्याने राहत होते. त्यांचे यजमान, आम्ही सगळे त्यांना सरच म्हणायचो, विद्यापीठात माती-पिकांचे प्राध्यापक. शालिनीताई नागपूरच्या. घरात अखंड बोलणाऱ्या. पण सरांच्या सहकाऱ्यांकडे पॉटलक, म्हणजे प्रत्येकाने एकेक पदार्थ न्यायचं जेवण, असलं की मसालेभात टेबलावर ठेवायचा आणि कोपऱ्यात हसऱ्या चेहऱ्याने गप्प बसायचं. त्यांचं इंग्रजी काही वाईट नव्हतं. पण केतकी लहानपणापासून टोकायची, "आई, नोबडी सेज इट लाइक दॅट!" आणि यांनी हळूहळू बोलणंच सोडलं होतं.

केतकी इंजिनिअरिंगला होती. इंजिनिअरिंगबाहेरचा एक विषय घ्यावा लागतो म्हणून तिने संध्याकाळचा आयरिश संभाषणाचा वर्ग घेतला. थंडीत तिला आणायला शालिनीताई लवकर जायच्या आणि कॉरिडॉरमध्ये बसून राहायच्या. ओर्ला नावाची शिकवणारी बाई एकदा बाहेर आली आणि यांना हाताला धरून आतच घेऊन गेली. वर्गात पुस्तक नाही, सगळं तोंडी. टर्म संपली, केतकीने विषय सोडला. पुढच्या मंगळवारी शालिनीताईंनी कोट चढवून किल्ली उचलली.

"आई, आय ड्रॉप्ड इट!"

"तू सोडलंस. मी कुठे सोडलंय?"

मग घर दुमदुमायला लागलं. ड्रायरमधले कपडे काढताना, ड्राइव्हवेवरचा बर्फ उपसताना आयरिश. एकदा मला म्हणाल्या, "अगं, आयरिशमध्ये 'भूक लागली' म्हणत नाहीत. भूक माझ्यावर आहे, म्हणतात. दुःखसुद्धा माझ्यावर असतं. म्हणजे कधीतरी उतरेलच की नाही?" त्या वर्गात सगळेच चुकत होते, सगळेच पहिलीतले. तिथे त्यांना हसणारं कुणी नव्हतं.

वर्षअखेरीला विद्यार्थ्यांचा छोटा कार्यक्रम झाला. आम्ही तिघं पहिल्या रांगेत. मुलं पाठ केलेली वाक्यं म्हणून खाली बसली. शालिनीताईंचंही म्हणून झालं. तेवढ्यात मागून एक म्हातारे गृहस्थ उठले. आयर्लंडच्या पश्चिम किनाऱ्याकडचे, लहानपणी घरात हीच भाषा बोललेले. त्यांनी काहीतरी विचारलं. पाठात नसलेलं. सगळा वर्ग ओर्लाकडे बघायला लागला. शालिनीताईंचा पदर हातात चुरगळला... आणि त्या बोलायला लागल्या. मधेच अडल्या. म्हाताऱ्यांनी एक शब्द सुधारून दिला. तो त्यांनी जसाच्या तसा म्हटला आणि पुढे निघाल्या. 'नागपूर' एवढा एकच शब्द मला कळला. सर माझ्याकडे झुकून म्हणाले, "काय म्हणतेय गं ती?" पार्ट्यांमधून परतताना इतकी वर्षं त्या सरांना विचारायच्या, लोक कशाला हसले म्हणून. आज विचारायची पाळी सरांची होती. केतकी शेजारच्या अनोळखी माणसाला सांगत होती, "दॅट्स माय मॉम."

गाडीत बसल्यावर कळलं. गृहस्थांनी विचारलं होतं, तुझं गाव कसं होतं? आणि यांनी वडिलांची संत्र्याची बाग सांगितली होती. "बायको गेल्यापासून ही भाषा कुणाशी बोललोच नाही, म्हणाले. दर रविवारी फोन करणार आहेत." ते असेपर्यंत त्यांचे फोन आले. पॉटलकमध्येही शालिनीताई मग कोपऱ्यात बसल्या नाहीत. इंग्रजी तेच, उच्चार तेच, पण आता लोक खुर्च्या ओढून त्यांच्याभोवती बसायचे. पुढे आजारामुळे घराबाहेर पडवेना, तेव्हा ओर्लाच मंगळवारी घरी यायची. शेवटच्या महिन्यातही दोघी खदखदून हसताना सरांनी ऐकलंय.

परवा पुन्हा सरांकडे जाऊन आले. सर चहा करत होते. केतकीने बाहेरून ओरडून विचारलं, "बाबा, दूध आहे का?" सरांनी फ्रिज उघडला आणि म्हणाले, "ता." मी विचारलं, "ता म्हणजे?" सर म्हणाले, आयरिशमध्ये 'हो'ला शब्दच नाही. आहे का विचारलं, तर 'आहे' म्हणायचं. शालिनीताई घरात तसंच उत्तर द्यायच्या, त्यामुळे सगळ्यांच्या तोंडी बसलंय. मग त्यांनी साखरेचा डबा हलवून पाहिला, आणि केतकीने विचारायच्या आतच सांगून टाकलं, "नील. साखर नाही."