फक्त आवाज काढून द्या

आळेफाट्यावर माझं कॉम्प्युटरचं दुकान आहे. घरोघरचे डीव्हीडी प्लेअर बंद पडले, तसे लोक जुन्या डीव्हीडी घेऊन माझ्याकडे यायला लागले. पुष्कळांना चित्र नकोच असतं, नुसता आवाज मोबाईलवर पाहिजे असतो. एक फुकटचं सॉफ्टवेअर तेवढं काम करतं. ते चालू असताना गिऱ्हाईक बाकावर बसतं आणि बोलत राहतं. किस्से साचतात ते असे.

मंचरच्या एका गुरुजींनी कीर्तनाचा आवाज काढून नेला. एसटीत कानाला लावला. कीर्तन संपलं तेव्हा गाडी राजगुरुनगरला उभी!

"झोपलो नव्हतो," ते मला सांगत होते. "मंचर दिसलं की मला. पण उतरावंसंच वाटलं नाय."

बेल्ह्याच्या एका शेतकऱ्याला बैलगाडा शर्यतीच्या डीव्हीडीतून आपल्या म्हाताऱ्या बैलाच्या घुंगरांचा आवाज हवा होता. बैल गेला होता. भोंगा, शिट्ट्या कापून जेवढा निघाला तेवढा दिला. पुढं बाजारच्या दिवशी भेटले. म्हणाले, गोठ्यात लावतो, नवा बैल लई शांत उभा राहतो.

"आणि तुम्ही?"

"मीबी."

नारायणगावच्या एका जैन कापडवाल्यांच्या आई आल्या. त्यांच्या मुलीनं दीक्षा घेतलेली, साध्वी झालेली. दीक्षेआधीच्या मेंदीची डीव्हीडी होती. घरचे म्हणत होते, आता हा मोह कशाला?

"तिची प्रवचनं मी ऐकतेच," त्या म्हणाल्या. "मला ती हसलेली पाहिजे."

मैत्रिणींच्या गलक्यात ती एकदा खळखळून हसली होती. तेवढं ऐकून त्यांनी मला थांबवलं. बाकीचं घरी ऐकते म्हणाल्या.

बोरी बुद्रुकचं एक जोडपं लग्नाची डीव्हीडी घेऊन आलं. तिच्यात आवाजाचे दोन ट्रॅक निघाले. एकावर स्टुडिओवाल्यानं सनई चढवलेली. घरी इतकी वर्षं रडणाऱ्या नवरीच्या चित्रावर तीच वाजायची. दुसऱ्यावर मांडवातला खरा आवाज तसाच राहिला होता. दोघांनी तो कधी ऐकलाच नव्हता.

मी स्पीकरवर लावला. भांडी, माणसं, मग अगदी जवळून एका तरण्या माणसाचा दबका आवाज. "पाय दुखत्यात का?"

आणि बारीक आवाजात उत्तर. "नाय."

बाई पदराआड हसल्या. त्या दिवशी हे आपल्याशी बोलले होते, असं त्या कायम सांगायच्या आणि नवऱ्याला ते पटायचं नाही. आता नवऱ्यानंच मला पुन्हा लावायला सांगितलं. नीट ऐकलं. मग बायकोकडं वळून हळूच विचारलं,

"पाय दुखत नव्हतं, तर रडत कशापायी व्हतीस?"

बाईंनी माझ्या हातातला पेन ड्राइव्ह घेतला, पिशवीत टाकला आणि उठल्या.

"चला," म्हणाल्या, "एसटी चुकंल."